सासऱ्यांच्या डब्यातली विमान कंपन्यांची पोस्टकार्डे : साल कसे ठरवावे आणि ती जपावी कशी?

पेठकरीण

नमस्कार. नारायण पेठेतला आमचा वाडा पुनर्विकासासाठी रिकामा करताना माळ्यावर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आणि काळ्या पानांची एक जाड चोपडी सापडली. दोन्हींत मिळून ११२ पोस्टकार्डे आहेत आणि मोजकी सोडली तर सगळ्यांवर विमानेच विमाने आहेत. माझे सासरे, ज्यांना घरात सगळे दादा म्हणत, पुण्यातल्या एका कारखान्यात अभियंता होते आणि १९५६ ते १९७८ या काळात यंत्रांच्या प्रशिक्षणासाठी व खरेदीसाठी पाच वेळा युरोपला आणि एकदा जपानला जाऊन आले होते. त्या काळी विमानात आसनासमोरच्या खिशात कंपनीची कार्डे आणि लिहिण्याचे कागद ठेवलेले असत आणि ते फुकट असत, असे ते सांगत. फुकट वस्तू तिथेच टाकून यायची हे त्यांच्या स्वभावात नसल्यामुळे हा संग्रह झाला असावा.

डब्यातली ९३ कार्डे कोरी आहेत. चोपडीतली १९ त्यांनी सासूबाईंना टपालाने पाठवलेली आहेत, परंतु सासूबाईंनी ती खळीने पानांवर चिकटवून टाकल्यामुळे चित्रे दिसतात आणि मजकूर पानाकडे तोंड करून बसला आहे. आता दोघेही नाहीत. शिवाय १९६१ च्या पानशेतच्या पुराचे पाणी आमच्या तळमजल्यात शिरले होते, त्यामुळे चोपडीच्या पहिल्या सहा पानांवर खालून चार बोटे उंचीचा तपकिरी डाग आहे.

मला विचारायचे आहे ते असे. कोऱ्या कार्डांचे साल कसे ओळखावे? एका कार्डावर एअर इंडिया इंटरनॅशनलचे बोइंग ७०७ आहे आणि मागे पेन्सिलीने दादांच्या अक्षरात "१९५९" लिहिले आहे, पण माझ्या मुलाच्या मते तेव्हा ते विमान आपल्याकडे नव्हतेच, म्हणजे आजोबांनी चूक केली. चिकटवलेली कार्डे सोडवावीत का? आणि मुलाला सगळी कार्डे कंपन्यांनुसार नव्या अल्बममध्ये लावायची आहेत, ते योग्य ठरेल का? आम्ही पुढच्या महिन्यात कोथरूडच्या भाड्याच्या घरी जात आहोत, त्यामुळे थोडी घाईही आहे.

विमानवेडा

पेठकरीणताई, सर्वप्रथम मुलाला थोडे थांबायला सांगा. अल्बमबद्दल शेवटी लिहितो, आधी सालांविषयी.

कोऱ्या कार्डावर तारीख नसली तरी तीन गोष्टी बोलतात : कंपनीचे नाव, विमानाची जात आणि रंगसंगती. यांतले नाव सर्वांत सोपे. टाटांची विमानसेवा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराची ते मुंबई अशी सुरू झाली, १९४६ मध्ये तिची एअर इंडिया झाली आणि परदेशी सेवेसाठी १९४८ मध्ये एअर इंडिया इंटरनॅशनल ही वेगळी कंपनी निघाली. तिचे पहिले उड्डाण ८ जून १९४८ चे, मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला. १ ऑगस्ट १९५३ रोजी राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा देशांतर्गत आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशन उभारले गेले. परदेशी सेवेचे नाव मात्र तसेच राहिले आणि १९६२ मध्ये त्यातला "इंटरनॅशनल" हा शब्द गळाला. त्या आठांपैकी एखाद्या कंपनीचे कार्ड, उदाहरणार्थ डेक्कन एअरवेज, भारत एअरवेज किंवा हिमालयन एव्हिएशन यांचे, आपल्या डब्यात निघाले तर ते १९५३ च्या पुढचे असण्याचा संभव फारच कमी. दादा १९५६ मध्ये प्रथम गेले असल्यामुळे तसे कार्ड सापडेल असे मला वाटत नाही, पण सापडलेच तर ते वेगळे काढून ठेवा.

परदेशी कंपन्यांची नावेही अशीच उपयोगी पडतात. कैरोची मिसरएअर १९६० मध्ये युनायटेड अरब एअरलाइन्स झाली आणि १९७१ मध्ये इजिप्तएअर. अमेरिकेची टीडब्ल्यूए १९५० पर्यंत ट्रान्सकॉन्टिनेंटल अँड वेस्टर्न एअर होती, नंतर ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्स. बीओएसी १९७४ मध्ये ब्रिटिश एअरवेजमध्ये विलीन झाली, त्यामुळे तिचे कार्ड त्याच्या आधीचे. मलेशिया-सिंगापूर एअरलाइन्स १९७२ मध्ये दुभंगली आणि दोन देशांच्या दोन कंपन्या झाल्या. दादांच्या जपानच्या फेरीत या शेवटच्या नावाचे एखादे कार्ड आले असेल तर त्या फेरीचे सालही थोडे आवळता येईल.

आता विमानाची जात. तीन शेपट्यांचे विमान दिसले की ते लॉकहीड कॉन्स्टेलेशन. तेही दोन प्रकारचे आहे : सुरुवातीच्या एल-७४९ च्या खिडक्या गोल आहेत, तर सुपर कॉन्स्टेलेशन अधिक लांब असून त्याच्या खिडक्या चौकोनी आहेत. एअर इंडियाने पहिल्या प्रकारच्या विमानांना राजकन्यांची नावे दिली, "मलबार प्रिन्सेस" त्यांतलेच, आणि सुपर कॉन्स्टेलेशनला राण्यांची, जसे "रानी ऑफ झांसी". बोइंग ७०७ ना हिमालयातल्या शिखरांची नावे मिळाली आणि १९७१ मध्ये आलेल्या ७४७ ना सम्राटांची, ज्यांतले पहिले "एम्परर अशोक". तेव्हा कार्डावर भिंग धरून नाकाजवळचे नाव वाचता आले तर निम्मे काम होते. ७४७ च्या खिडक्यांभोवती झरोक्यांच्या कमानी रंगवलेल्या असत. त्या दिसल्या की १९७१ च्या आधीचा विचारच करू नका.

आपल्या भांडणाचे कार्ड आता घेतो. एअर इंडियाचे पहिले ७०७ फेब्रुवारी १९६० मध्ये आले आणि त्याच वर्षी मे महिन्यात न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली, त्यामुळे मुलाचा मुद्दा बिनबुडाचा नाही. तरीही दादांना चूक ठरवण्याची मी घाई करणार नाही, कारण विमान हाती येण्याच्या कितीतरी आधीपासून कंपन्या त्याची जाहिरात करत आणि अशा वेळी छायाचित्र नसल्याने चित्रकाराकडून विमान काढून घेत. कधी कधी तर जाहिरातीतले विमान कधीच येत नसे. एअर इंडियाने कॉन्कॉर्डसाठीही दोन जागा राखून ठेवल्या होत्या, पण ते विमान आपल्याकडे आलेच नाही. म्हणून त्या कार्डावर शेपटीजवळ "व्हीटी" ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते पाहा. क्रमांक स्पष्ट असेल, जमिनीवर विमानाची सावली पडलेली असेल, शिडीजवळ माणसे असतील, तर ते छायाचित्र असण्याचा संभव जास्त आणि १९५९ टिकणार नाही. विमान ढगांवर एकटेच तरंगत असेल, क्रमांक नसेल आणि कडा जरा अतिच रेखीव असतील, तर ते बहुधा चित्र आहे आणि १९५९ शक्य आहे.

टपालपाहणी

वरच्या उत्तराला एक पुरवणी आणि एक सावधगिरीची सूचना.

सूचना अशी की, कार्डावरचा कोणताही पुरावा ते "याच्या आधीचे नाही" एवढेच खात्रीने सांगतो. "याच्या नंतरचे नाही" हे तो सहसा सांगत नाही. कंपनीचे नाव १९६२ मध्ये बदलले म्हणून छापून ठेवलेले जुने गठ्ठे कोणी त्याच दिवशी रद्दीत घातले नसतील. कार्ड छापले कधी, विमानात ठेवले कधी आणि प्रवाशाने उचलले कधी, ही तीन वेगवेगळी साले असू शकतात, आणि संग्राहक मंडळी त्यांची सरमिसळ करून उगाच हुज्जत घालतात. मी स्वतः एका कार्डावरून अशी दोन वर्षे हुज्जत घातली आहे.

पुरवणी मागच्या बाजूबद्दल. कंपनीने स्वतः काढलेले कार्ड आणि विमानतळाच्या दुकानात विकले जाणारे कार्ड यांतला फरक बहुतेक वेळा मागेच कळतो. कंपनीच्या कार्डावर तिचे बोधचिन्ह, विमानाची स्तुती करणारी एखादी ओळ आणि कोपऱ्यात बारीक छपाई क्रमांक असतो, तर दुकानी कार्डावर प्रकाशकाचे नाव, पत्ता आणि मालिकेचा क्रमांक ठळक असतो. प्रकाशक अमेरिकन असेल तर पत्त्यावरून काळ कळतो : शहराच्या नावानंतर एक किंवा दोन आकडी विभाग क्रमांक असेल तर साधारणपणे १९४३ ते १९६३ या काळातले, आणि पाच आकडी झिप कोड असेल तर १९६३ नंतरचे. "पश्चिम जर्मनीत छापले" अशा अर्थाची इंग्रजी किंवा जर्मन ओळ असेल तर ते १९४९ ते १९९० मधले. हा पट्टा फारच रुंद आहे हे मान्य, पण युद्धापूर्वीचे म्हणून कोणी गळ्यात मारत असेल तर तेवढ्यानेही काम भागते.

टपालात गेलेल्या कार्डांचे तर वेगळेच. त्यांवर पत्ता आहे आणि पत्ता नारायण पेठेतला आहे, म्हणजे १९७२ पूर्वीच्या कार्डांवर "पूना ३०" किंवा "पूना-३०" असे असेल. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड आला आणि त्याच ३० चे ४११०३० झाले; आपली पेठ अजूनही स्वतःला "पुणे ३०" म्हणवून घेते ती त्या जुन्या क्रमांकावरून. दादांनी निघण्यापूर्वी सांताक्रूझहून एखादे कार्ड टाकले असेल तर तिकिटाचे मूल्य बघा. आण्यांतले तिकीट असेल तर ते १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी येण्याच्या सुमारचे किंवा त्याआधीचे, "नये पैसे" असेल तर १९५७ ते १९६४ मधले. जुनी तिकिटे काही काळ चालत असत, म्हणून इथेही अंतिम शब्द शिक्क्याचाच.

शिक्क्याची एक गंमत मुद्दाम सांगतो, नाहीतर मजकूर वाचताना आपला गोंधळ उडेल. प्रवाशाने विमानात लिहिलेले कार्ड हवाई सुंदरीकडे दिले की अनेक कंपन्या ते स्वखर्चाने टपालात टाकत. त्यामुळे लिहिलेले गाव आणि शिक्क्यातले गाव जुळतेच असे नाही. जिनिव्हा सोडताना लिहिलेले कार्ड पुढच्या थांब्यावर शिक्का खाऊ शकते. या न जुळण्यातूनच विमानाचा मार्ग कळतो, आणि म्हणून माझ्या लेखी आपल्या ९३ कोऱ्या कार्डांपेक्षा चिकटलेली १९ कार्डे अधिक मोलाची आहेत. विमानांचे संग्राहक मात्र नेमके उलट सांगतील. त्यांना मागची बाजू स्वच्छ लागते.

रविवारचा_जुना_बाजार

वरची चर्चा विद्वत्तापूर्ण आहे, मी व्यवहाराचे दोन शब्द लिहितो. मी गेली वीस वर्षे दर रविवारी आणि जमल्यास बुधवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात जातो आणि कागदाची जुनी वस्तू दिसली की खाली बसतो. पॅन ॲम, केएलएम, स्विसएअर, लुफ्तान्सा यांची १९६० नंतरची कार्डे मोठ्या संख्येने छापली गेली आणि प्रवाशांनी ती भरपूर उचलली, त्यामुळे त्यांतून घराचा हप्ता निघेल अशी आशा ठेवू नका. किंमत येते ती अल्पायुषी कंपन्यांना, भारतीय कंपन्यांच्या सुरुवातीच्या कार्डांना आणि ज्या विमानाचे पुढे काही बरेवाईट झाले त्याच्या नावाच्या कार्डांना. "मलबार प्रिन्सेस" ३ नोव्हेंबर १९५० रोजी माँ ब्लाँ पर्वतावर कोसळले आणि २४ जानेवारी १९६६ रोजी त्याच पर्वतावर "कांचनजंगा" हे ७०७ कोसळले, ज्यात डॉ. होमी भाभा गेले. या नावांची कार्डे लोक शोधत असतात. मला स्वतःला अशा कार्डांचा भाव करताना संकोच वाटतो, पण बाजाराला वाटत नाही.

विकायचेच असेल तर एकगठ्ठा विकू नका आणि पहिल्या गिऱ्हाइकाला "तुम्हीच सांगा काय द्याल" असे म्हणू नका. मी एकदा माझ्या काकांची रेल्वेची कार्डे एका विक्रेत्याला अशीच दिली होती. त्याने वरची चार काढून घेतली आणि उरलेली दुसऱ्या रविवारी मला माझीच विकायला काढली. नक्कल ओळखण्यासाठी दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या. जुन्या ऑफसेट छपाईत रंगांचे ठिपके ठरावीक जाळीत बसलेले दिसतात, अस्सल छायाचित्र-कार्डात ठिपकेच नसतात, आणि घरगुती प्रिंटरवर काढलेल्या नकलेत ते बारीक तुषारांसारखे अस्ताव्यस्त असतात. आपली कार्डे घरचीच असल्यामुळे आपल्याला त्याची गरज नाही, परंतु एकदा डबा उघडला की माणूस विकत घ्यायलाही लागतो, हा माझा अनुभव आहे.

कागदकाम

मी ग्रंथालयांसाठी जुन्या कागदांच्या दुरुस्तीचे काम करते, म्हणून फक्त जपणुकीबद्दल लिहिते.

चोपडी आहे तशी ठेवा आणि कृपा करून पाण्यात बुडवू नका. इंटरनेटवर कार्डे कोमट पाण्यात सोडवण्याचे जे उपाय फिरतात ते कोऱ्या कागदासाठी कदाचित चालतील, पण आपल्या कार्डांच्या मागे शाईचा मजकूर आहे आणि फाउंटन पेनची शाई पाण्यात पसरते. कार्ड सुटेल आणि सासूबाईंना लिहिलेले पत्र जाईल. खळ पाण्याने सैल होते हे खरे आहे, तथापि ते काम बेताच्या ओलाव्याने, एकेका कोपऱ्यावर, शाईची आधी चाचणी घेऊन करावे लागते आणि ते जाणकाराकडूनच करून घ्यावे. त्याआधी एक सोपी गोष्ट करून पाहा. काळ्या पानावर प्रत्येक कार्डाच्या चारही कडा नखाने नव्हे, तर पातळ प्लास्टिकच्या पट्टीने हलकेच चाचपा. सत्तर वर्षांत पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्याने खळ तडकलेली असते आणि काही कार्डे केवळ सवयीने पानाला धरून बसलेली असतात. जिथे पट्टी अडेल तिथे थांबा.

पुराच्या डागाबद्दल चिंता करू नका. तो डाग जुना आणि सुकलेला आहे, घालवण्याचा प्रयत्न केल्यास कागद कमकुवत होईल, आणि खरे सांगायचे तर नारायण पेठेतल्या चोपडीवर १२ जुलै १९६१ ची पाणरेषा असणे हा तिच्या इतिहासाचाच भाग आहे. शिवाय तारखेच्या कामालाही तो येईल : पहिल्या सहा पानांवर डाग आहे आणि पुढे नाही, याचा अर्थ तेव्हा चोपडी तेवढीच भरलेली होती असे लगेच धरू नका, पाणी किती वर आले आणि चोपडी आडवी होती की उभी, यावरही ते अवलंबून असते. मात्र डागाची रेषा पान आणि कार्ड दोन्हींवरून सलग गेलेली असेल, तर ते कार्ड पुरापूर्वी चिकटवलेले होते हे नक्की. पान डागाळलेले आणि त्यावरचे कार्ड स्वच्छ असेल, तर ते नंतर लावलेले.

नव्या घरी डबा आणि चोपडी पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका. ओल तिथूनच शिरते आणि जुलैपर्यंत बुरशी धरते. बुरशी दिसलीच तर ते कार्ड वेगळे काढून सावलीत वाळवा आणि घराबाहेर, नाकाला फडके बांधून, मऊ कुंचल्याने झाडा. कोऱ्या कार्डांसाठी पॉलिप्रोपिलीन किंवा पॉलिएस्टरची पाकिटे घ्या. स्टेशनरीच्या दुकानात स्वस्त मिळणारे, उघडल्यावर नव्या रेक्झिनसारखा वास येणारे अल्बम पीव्हीसीचे असतात आणि त्यांतला चिकट पदार्थ काही वर्षांनी चित्रावर उतरतो. डांबराच्या गोळ्या आत टाकू नका, लॅमिनेशन तर स्वप्नातही करू नका, आणि कार्डावर पेनने काहीही लिहू नका. टिपण सोबतच्या चिठ्ठीवर मऊ पेन्सिलीने लिहा. कसर आणि झुरळे यांना पत्र्याचा डबा आवडत नाही, त्यामुळे दादांची निवड चांगली होती. आतून गंजला नसेल तर त्यात जाड कागदाचे अस्तर घालून तोच वापरा.

विमानवेडा

अल्बमबद्दल लिहायचे राहिले होते. कंपन्यांनुसार लावण्याआधी डब्यातली कार्डे आज ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने १ ते ९३ असे आकडे चिठ्ठ्यांवर घालून दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढून ठेवा. दादांनी प्रत्येक फेरीची कार्डे आणून वरच्या वर ठेवली असतील, तर तो गठ्ठा म्हणजे खालून वर वाचायची रोजनिशी आहे. एकाच फेरीत जाताना एअर इंडिया, मध्ये स्विसएअर, परतताना केएलएम असे असेल, तर कंपनीनुसार लावताच ती फेरी मोडेल आणि मग साल शोधायला हा सगळा धागा पुन्हा वाचावा लागेल. मुलाला कंपनीनुसार यादी करू द्या. यादी कशीही लावता येते, गठ्ठा एकदाच मोडतो.

पेठकरीण

सर्वांचे मनापासून आभार. मी आणि मुलाने काल रात्री जेवणानंतर क्रमांक घालायला सुरुवात केली आणि ४१ पर्यंत पोहोचलो आहोत.

७०७ च्या कार्डावर नोंदणी क्रमांक नाही. विमान ढगांवर आहे, सावली नाही, आणि भिंगातून पाहिल्यावर पंखाची कड पट्टीने ओढल्यासारखी सरळ दिसते. मुलाने स्वतःहूनच "चित्र आहे" असे मान्य केले. तरी टपालपाहणी यांची सूचना लक्षात ठेवून मी चिठ्ठीवर "१९५९, दादांच्या नोंदीनुसार" एवढेच लिहिले आहे. हे कार्ड खालून सतरावे होते, आणि त्याच्या लगेच वर तीन शेपट्यांच्या, चौकोनी खिडक्यांच्या विमानाची दोन कार्डे होती, त्यामुळे आधी सुपर कॉन्स्टेलेशन आणि मग ७०७ असा क्रम मात्र जुळत नाही. बहुधा गठ्ठा मध्ये कधीतरी कोणाच्या तरी हातून सांडला असावा.

चोपडीच्या चौथ्या पानावर एक कार्ड पट्टी लावताच अलगद सुटून आले. चित्र एअर इंडिया इंटरनॅशनलचे आहे आणि डागाची रेषा पानावरून कार्डावर सलग गेली आहे. पत्ता "पूना २" असा आहे, ३० नाही, कारण सासूबाई तेव्हा माहेरी, शुक्रवार पेठेत होत्या. शिक्का कैरोचा, साल डागाखाली गेले आहे. शाई थोडी फुटली आहे, पण वाचता येते : "खाली बर्फाचे डोंगर दिसत आहेत. कॉफी चांगली होती. कार्डे आणखी मागून घेतली आहेत. बाळाचे नाव मी येईपर्यंत ठेवू नका."

बाळ म्हणजे माझे यजमान. त्यांचा जन्म सप्टेंबर १९५६ चा आहे.